जिंकणे दुय्यम असलेला सामना : मायनर लीग बेसबॉल आणि त्याची मैदाने

सह्यकडा

नमस्कार मंडळी. नोकरीच्या निमित्ताने गेल्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनातील मॉरिसव्हिल येथे बिऱ्हाड हलवले. मी क्रिकेटवर पोसलेला माणूस, त्यामुळे बेसबॉलकडे आजवर संशयानेच पाहत आलो. मात्र शेजारच्या गृहस्थांनी फारच आग्रह केल्याने त्यांच्याबरोबर डरहॅम बुल्स या मायनर लीगमधील, म्हणजे सर्वोच्च अशा मेजर लीगच्या खालच्या पायरीवरील, संघाचा सामना पाहायला गेलो, आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही.

मैदानाबद्दल तक्रार नाही. सुमारे दहा हजार प्रेक्षक मावतील एवढे हे मैदान १९९५ साली शहराच्या मध्यभागी, तंबाखूच्या जुन्या कारखान्यांच्या विटकरी इमारतींना लागून बांधले गेले. डावीकडे ३२ फूट उंचीची निळी भिंत आहे आणि तिच्यावर एका बैलाचा मोठा फलक आहे. यजमान संघाने होम रन मारली की त्या बैलाचे डोळे लाल होतात, नाकपुड्यांतून धूर निघतो आणि शेपूट हलू लागते. फलकावर असे लिहिलेले आहे की, चेंडू बैलाला लागला तर फटका मारणाऱ्याला स्टेक मिळेल आणि बैलाच्या पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड मिळेल.

आता प्रश्नाकडे येतो. आमच्या संघाच्या पिचरने पहिल्या पाच इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिली नव्हती. सहाव्या इनिंगला मात्र दुसराच माणूस चेंडू टाकायला उभा राहिला. मी विचारले, तर शेजारी शांतपणे म्हणाले, "आज त्याला तेवढेच चेंडू टाकायचे होते. वरून तसे ठरून आलेले आहे." वरून म्हणजे टॅम्पा बे रेज या मेजर लीग संघाकडून. पुढे सातव्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉप या जागेवरच्या क्षेत्ररक्षकाला अचानक आत बोलावण्यात आले आणि डगआउटमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या बसण्याच्या जागेत, एकेक जण त्याला मिठी मारू लागला. मला वाटले की बिचाऱ्याच्या घरी काहीतरी विपरीत घडले असावे. पण शेजारी उठून टाळ्या वाजवू लागले, कारण त्याला मेजर लीगचे बोलावणे आले होते. सामना आपण हरलो आणि लोक हसतखेळत घरी गेले.

ज्या संघाचा उत्तम खेळाडू भर सामन्यातून उचलून नेला जातो आणि ज्याचे निर्णय हजार किलोमीटरवर बसलेली माणसे घेतात, त्या संघाला पाठिंबा द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे? येथे बरीच मंडळी अशा मैदानांवर नियमितपणे जातात, असे ठाऊक असल्यामुळे विचारतो आहे.

गोदाकाठ

मी न्यू जर्सीत ब्रिजवॉटरजवळ राहतो. आमचे मैदान रेल्वे स्थानकाला खेटून आहे आणि व्यंकटेश्वराच्या मंदिराहूनही फार लांब नाही, त्यामुळे रविवारी सकाळी दर्शन आणि दुपारी सामना असा आमचा बेत असतो.

ही रचना आधी समजून घेतली तर तुमचा गोंधळ निम्मा कमी होईल. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत आणि प्रत्येकाच्या हाताखाली ट्रिपल-ए, डबल-ए, हाय-ए आणि सिंगल-ए अशा चार पायऱ्यांवर एकेक, म्हणजे एकूण १२० संघ आहेत. खेळाडू आणि प्रशिक्षक यांचा पगार मेजर लीगचा मातृसंघ देतो. तिकिटे, खाद्यपदार्थ, जाहिराती, मैदानाची देखभाल आणि इनिंगच्या मधल्या गमतीजमती हे सारे स्थानिक मालकाकडे असते. किराणा दुकानाच्या भाषेत सांगायचे तर दुकान, गल्ला आणि गिऱ्हाईक गावच्या मालकाचे, माल मात्र वरून येतो आणि तो खपायला लागला की वरचा माणूसच तो परत घेऊन जातो. म्हणून शहाणा मालक कधीही मालाची जाहिरात करत नाही, दुकानाची करतो. बैलाच्या नाकातून धूर का निघतो, याचे उत्तर यातच आहे.

पाटीवाला

शाकाहारी माणसाची एवढी काळजी घेणारा फलक अमेरिकेत आहे, हे वाचून डोळे पाणावले. फक्त सॅलड मिळावे म्हणून मुद्दाम खाली नेम धरणारा कोणी आजवर निघाला का, याची कृपया चौकशी करावी.

ताम्हण

मी ऱ्होड आयलंडमध्ये तीस वर्षे काढली आहेत. त्यामुळे सह्यकडा यांच्या प्रश्नाचे उत्तर मी पॉटकेटच्या मॅकॉय स्टेडियमवरून देणार आहे. ते १९४२ साली उघडले आणि अनेक दशके बोस्टन रेड सॉक्सचा ट्रिपल-ए संघ तेथे खेळत असे.

१८ एप्रिल १९८१ ची शनिवारची रात्र होती आणि दुसऱ्या दिवशी ईस्टर होता. रोचेस्टर आणि पॉटकेट यांच्यातील सामना नेहमीच्या नऊ इनिंगनंतर बरोबरीत राहिला आणि नंतर संपेचना. मध्यरात्रीनंतर ठरावीक वेळेला खेळ थांबवण्याचा नियम पंचांकडे असलेल्या प्रतीत छापलेलाच नव्हता, त्यामुळे ते खेळ थांबवायला तयार नव्हते. थंडी एवढी होती की खेळाडूंनी मोडक्या बॅटी पेटवून त्यावर हात शेकले. २१ व्या इनिंगमध्ये रोचेस्टरने आघाडी घेतली, तेव्हा सर्वांना सुटकेचा आनंद होणार एवढ्यात पॉटकेटच्या वेड बॉग्जने फटका मारून पुन्हा बरोबरी केली. अखेर लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठण्यात यश आले आणि ३२ इनिंगनंतर, पहाटे ४ वाजून ७ मिनिटांनी, खेळ थांबवण्यात आला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते.

उरलेला सामना २३ जूनला झाला. मेजर लीगमध्ये तेव्हा संप सुरू असल्यामुळे देशभरचे वार्ताहर पॉटकेटला लोटले होते. ३३ वी इनिंग १८ मिनिटांत संपली आणि पॉटकेटने ३-२ असा विजय मिळवला. दोन्ही बाजूंचे थर्ड बेसमन, वेड बॉग्ज आणि रोचेस्टरचा कॅल रिपकेन ज्युनियर, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. पण ज्याच्या फटक्यावर विजयी धाव आली, तो डेव्ह कोझा मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. पॉटकेटमध्ये मात्र कोझाचे नाव आजही कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तुम्ही कोणाला पाठिंबा देता, असे मला विचाराल, तर कोझाला.

मैदानाची आणखी एक खूण सांगण्याचा मोह आवरत नाही. तेथे डगआउट प्रेक्षकांच्या पायांखाली होते, त्यामुळे खेळाडू वरून दिसत नसत. त्यावर मुलांनी उपाय शोधला होता. दुधाच्या प्लॅस्टिकच्या कॅनचा वरचा भाग कापायचा, आत चेंडू आणि पेन ठेवायचे आणि दोरीने तो खाली डगआउटच्या तोंडाशी सोडायचा. दोरीला हिसका बसला की वर ओढायचा. माझ्या मुलीने असे तीन चेंडू 'पकडले' आहेत. त्यांपैकी दोघांच्या सह्या आम्हाला आजतागायत लावता आलेल्या नाहीत.

डावखुरा

ताम्हण, आपण फारच सुंदर लिहिले आहे, पण गोष्टीचा शेवट सांगायचे टाळलेत. तो संघ आता पॉटकेटमध्ये नाही. नव्या मैदानाचा खर्च कोणी उचलायचा यावरून मालक आणि सरकार यांचे जमले नाही, शेजारच्या राज्यातील वुस्टरने अधिक चांगली बोली लावली आणि २०२१ पासून संघ तेथील पोलर पार्कमध्ये खेळतो. ते मायनर लीगमधील सर्वांत महागड्या मैदानांपैकी एक आहे. मॅकॉय पाडून त्या जागी शाळा बांधण्याचे ठरले.

मी पुण्यात बसून हे लिहितो आहे, त्यामुळे मला ओलावा कमी वाटत असेल तर वाटो. कनेटिकट राज्यातील हार्टफर्डचे उदाहरण घ्या. शहराने संघासाठी मैदान बांधायला घेतले, ते वेळेत झाले नाही, आणि २०१६ चा संपूर्ण हंगाम संघाने घरचे मैदान नसल्यामुळे परगावी फिरत काढला. मैदान उघडले ते २०१७ मध्ये. ज्या शहराला स्वतःचे अंदाजपत्रक झेपत नव्हते, त्याने हे करावे का? आणि २०२१ च्या फेररचनेत १६० संघांचे १२० झाले, तेव्हा ज्या चाळीसहून अधिक गावांचा संघ एका फटक्यात गेला, त्यांना कोणी विचारले होते? गावाचे प्रेम खरे असेल, पण त्याला कोणतीही सही-शिक्क्याची किंमत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

गोदाकाठ

डावखुरा यांचा मुद्दा मला सर्वांत जास्त बोचतो, कारण आम्ही त्या व्यवहारातील लाभार्थी आहोत. ब्रिजवॉटरचा सॉमरसेट पेट्रियट्स हा पूर्वी एका स्वतंत्र लीगमधला, कोणत्याही मातृसंघाशी न बांधलेला संघ होता. २०२१ पासून तो न्यूयॉर्क यांकीजचा डबल-ए संघ झाला. हे नाते आधी ट्रेंटन थंडरकडे होते. ट्रेंटन आमच्यापासून तासाभराच्याही आत आहे.

ट्रेंटनला मी अनेकदा गेलो आहे. तेथे फलंदाजाने टाकून दिलेली बॅट तोंडात धरून परत आणायला चेस नावाचा गोल्डन रिट्रीव्हर कुत्रा होता. बॅट तो मधोमध धरत असे, आणि डगआउटच्या पायरीशी आला की मान किंचित तिरकी करत असे, म्हणजे बॅटीचे टोक कठड्याला अडणार नाही. त्याच्यानंतर त्याचा मुलगा आणि मग नातू याच कामावर आले. कुत्र्यांच्या तीन पिढ्या एका मैदानावर राबल्या आणि मातृसंघ मात्र निघून गेला.

सीमोल्लंघन

ट्रेंटनची पुढची गंमत गोदाकाठ यांनी सांगितली नाही, म्हणून टोरंटोहून मी सांगतो. साथीच्या काळात सीमा बंद असल्यामुळे आमच्या ब्लू जेज या मेजर लीग संघाला कॅनडात खेळता येईना, तेव्हा त्याने २०२० मध्ये आणि २०२१ च्या काही काळात बफेलोतील आपल्याच ट्रिपल-ए संघाच्या मैदानावर मुक्काम ठोकला. मग बफेलोच्या संघाने कोठे जायचे? तो गेला ट्रेंटनला, आणि ज्या गावाने नुकताच संघ गमावला होता, त्याला काही महिने वरच्या पायरीचे बेसबॉल पाहायला मिळाले. घरात थोरले पाहुणे आले की धाकट्याने अंथरूण घेऊन शेजाऱ्यांकडे झोपायला जायचे, तसा हा प्रकार होता.

२०२५ मध्ये तर हे दोनदा घडले. वादळाने घुमटाकार मैदानाचे छप्पर फाडल्यामुळे सह्यकडांचा 'वरून आदेश देणारा' टॅम्पा बे रेज संघ टॅम्पातील एका मायनर लीग संघाच्या मैदानावर खेळला आणि ओकलंड सोडलेला ॲथलेटिक्स संघ सॅक्रामेंटोच्या ट्रिपल-ए संघाकडे राहायला गेला. थोडक्यात, छोट्या मैदानावाचून मोठ्यांचेही अडते.

बफेलोच्या मैदानाबद्दल एक वाक्य. ते १९८८ साली भर शहरात, जुन्या धाटणीने बांधले गेले. शहराबाहेरील पार्किंगच्या वाळवंटातून मैदाने पुन्हा गावात आणण्याचे श्रेय बहुतेक लोक बाल्टिमोरच्या १९९२ च्या मैदानाला देतात, पण बफेलो त्याच्या चार वर्षे आधीचे आहे.

शेवंती

इतके गंभीर मुद्दे वाचून मला जरा संकोच वाटतो आहे, कारण मी कोलंबसला, ओहायोत, मुख्यतः मुलांना घेऊन आणि एका ठिकाणी तीन तास बसायला मिळते म्हणून जाते. हंटिंग्टन पार्क हे आमचे मैदान २००९ साली उघडले. तेथे ठरावीक रात्री हॉट डॉग दहा सेंटला विकतात आणि त्या रात्री मैदानावर काय चालले आहे, याकडे कोणाचेही लक्ष नसते. एकूण किती हॉट डॉग संपले, याचा आकडा मात्र धावफलकापेक्षा अधिक उत्सुकतेने पाहिला जातो. आम्ही शाकाहारी, त्यामुळे आमच्या हाती फक्त पाव आणि मोहरीचा पिवळा सॉस.

गोदाकाठ यांचे 'दुकानाची जाहिरात' हे सूत्र अचूक आहे. जवळच्याच डेटन ड्रॅगन्सने २००० साली मैदान उघडल्यापासून प्रत्येक घरच्या सामन्याची तिकिटे संपवली आहेत आणि २०११ मध्ये ८१४ सामन्यांचा जुना विक्रम मोडून अमेरिकेतील व्यावसायिक खेळांमधील सर्वांत लांब मालिका आपल्या नावावर केली. तो संघ खालून दुसऱ्या पायरीवरचा आहे. प्रेक्षकांतील दहा जणांना तरी पिचरचे नाव सांगता येईल का, याची मला शंका आहे.

आता एक घरगुती प्रसंग. दुसऱ्या एका गावच्या मैदानावर, नाव घेत नाही, सासूबाईंच्या पिशवीत शंकरपाळ्यांचा डबा निघाला. बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई होती. दारावरील मुलाने विचारले की हे काय आहे, तर सासूबाईंनी मला भाषांतराची संधी न देता त्याच्या हातावर चार शंकरपाळ्या ठेवल्या. त्याने एक खाल्ली, मागे वळून वरिष्ठांकडे पाहिले, दुसरी खाल्ली आणि डबा गाडीत ठेवून या, असे अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगितले. उरलेल्या दोन त्याने परत दिल्या नाहीत.

अबोल

नियमाची अंमलबजावणी झाली आणि जप्तीही झाली, असे म्हणायचे.

खळे

मी येथे सहसा लिहीत नाही, पण आम्ही काही वर्षे आयोवात राहत होतो आणि एका हंगामात आमच्या घरी मायनर लीगचा खेळाडू राहायला होता, म्हणून लिहिते.

त्या काळी खालच्या पायरीवरील खेळाडूंना घरभाडे परवडत नसे, आणि गावातील कुटुंबे त्यांना हंगामापुरती खोली देत असत. आमच्याकडे आलेला मुलगा व्हेनेझुएलाचा होता, वय एकोणीस, कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. इंग्रजी त्याला जेमतेम येत असे आणि स्पॅनिश आम्हाला अजिबात येत नसे. पहिल्या आठवड्यात तो रात्री अकराला मैदानावरून येऊन सिरियल खात असे. एका रात्री मी थालीपीठ लावत होते. तो चुलीपाशी येऊन उभा राहिला आणि बोटांनी मधोमध पाडलेल्या भोकांकडे पाहत राहिला. मग त्याने स्वतः पिठाचा गोळा घेतला, दोन्ही तळव्यांमध्ये थापून जाडसर गोल केला आणि म्हणाला, "आरेपा." त्या दिवसापासून हंगाम संपेपर्यंत आमच्या तव्यावर दोन्ही होऊ लागले. त्याचे हात मी तेव्हाच नीट पाहिले. डाव्या हाताची तर्जनी तळाशी उजव्यापेक्षा स्पष्टपणे जाड झाली होती, कारण ताशी दीडशे किलोमीटरचे चेंडू दररोज तिच्याशी येऊन थडकत होते.

पुढच्या मार्चमध्ये त्याला संघाने सोडले. निरोप त्याला कार्यालयात बोलावून पाच मिनिटांत दिला गेला, असे त्याने फोनवर सांगितले. आजही नाताळला त्याचा संदेश येतो.

म्हणून पैशांविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. २०२२ पर्यंत सिंगल-ए खेळाडूला वर्षाकाठी सुमारे ११ हजार डॉलर मिळत. त्या वर्षी मातृसंघांनी खेळाडूंच्या राहण्याची सोय करण्याचा नियम आला, सप्टेंबरमध्ये मायनर लीगचे खेळाडू मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत सामील झाले आणि २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक करार झाला. त्यानुसार सिंगल-एचा पगार २६,२०० आणि ट्रिपल-एचा ३५,८०० डॉलर झाला. त्याच वर्षी मेजर लीगमधील किमान पगार ७ लाख २० हजार होता. सह्यकडा, तुमच्या शॉर्टस्टॉपला मिठ्या का मारत होते, हे यावरून लक्षात येईल. ट्रिपल-एपासून वरची पायरी एकच असते, पण ती वीस पट उंच असते.

डावखुरा

खळे, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मताला त्यामुळे बळकटीच मिळते, पण ते मत मी ज्या सुरात मांडले होते, तो सूर आता मला बरा वाटत नाही. एक गोष्ट मात्र मुद्दाम नोंदवतो. नव्या नियमांची चाचणीही याच मुलांवर होते. पिचरने ठरावीक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे, हे घड्याळ २०२२ मध्ये संपूर्ण मायनर लीगमध्ये लावले गेले, सामने सरासरी २५ मिनिटे लवकर आटोपू लागले आणि मगच २०२३ मध्ये ते मेजर लीगने स्वीकारले.

भालाफेक

आपल्या दोघांचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. उत्तर प्रदेशातील रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे भालाफेक करणारे तरुण २००८ साली भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या दूरचित्रवाणी स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांच्याशी करार केला. त्यापूर्वी दोघांनी बेसबॉल खेळलेला नव्हता. २००९ मध्ये ते फ्लोरिडातील गल्फ कोस्ट लीगमध्ये उतरले.

ती या शिडीच्या पायथ्याची जागा. सराव संकुलातील मागच्या पटांगणावर, भर दुपारच्या उकाड्यात, तिकिटाशिवाय सामने होतात. ना बैल, ना धूर, ना हॉट डॉग. प्रेक्षकांत दोन-चार आईवडील आणि वेगमापक यंत्र घेतलेली माणसे एवढेच. दिनेशला २०१० मध्ये सोडण्यात आले. रिंकू सिंगल-एपर्यंत पोहोचला, मग दुखापतींनी गाठले आणि पुढे तो व्यावसायिक कुस्तीत गेला. नेमके कोठे थांबलो, हे बहुतेकांना आकड्यात सांगता येते, असा हा खेळ आहे.

पाटीवाला

वातावरण फार जड झाले आहे, म्हणून संघांची नावे वाचून दाखवतो. जॅक्सनव्हिलचे 'जम्बो श्रिम्प', म्हणजे मराठीत 'थोराड कोळंबी'. अलाबामातील 'ट्रॅश पांडाज', म्हणजे कचराकुंडी उपसणारे रॅकून. माँटगोमेरीचे 'बिस्किट्स', आणि ते सामना चालू असताना प्रेक्षकांत बिस्किटे उडवतात. आमच्याकडे असा संघ निघाला तर नाव 'सदाशिव पेठ दुपारची विश्रांती' ठेवावे आणि एक ते चार या वेळेत त्यांनी खेळू नये.

नगरकर

डॅलसकडची एक हकीकत, जी थेट आपल्यापर्यंत येऊन पोहोचते. ग्रँड प्रेरी येथे २००८ साली एअरहॉग्ज नावाच्या स्वतंत्र लीगमधील संघासाठी बेसबॉलचे मैदान बांधले गेले. तो संघ २०२० नंतर बंद पडला. मैदान ओस पडले असते, पण त्याचे क्रिकेटच्या मैदानात रूपांतर झाले आणि २०२३ मध्ये मेजर लीग क्रिकेटची सुरुवात तेथेच झाली.

६ जून २०२४ रोजी विश्वचषकात अमेरिका आणि पाकिस्तान यांचा सामना तेथे झाला. दोघांच्याही १५९ धावा झाल्या. सुपर ओव्हरमध्ये अमेरिकेने १८ केल्या आणि पाकिस्तानला १३ वर रोखले, ते मुंबईकडून रणजी खेळलेल्या सौरभ नेत्रावळकरने. मी प्रेक्षकांत होतो. बेसबॉलच्या काळातील मुख्य स्टँड तसाच ठेवलेला आहे. त्याचा काटकोन होम प्लेटच्या, म्हणजे बेसबॉलचा फलंदाज उभा राहतो त्या जागेच्या, मागे बसण्यासाठी बांधलेला असल्यामुळे, खेळपट्टी मध्यभागी आल्यावर काही जागांवरून मान वाकडी करूनच पाहावे लागते. सुपर ओव्हर मी मान वाकडी करूनच पाहिली, आणि दोन दिवस ती तशीच राहिली.

उंबरठा

ज्यांना एकच मैदान पाहायचे असेल, त्यांनी अलाबामातील बर्मिंगहॅमला जावे. रिकवुड फील्ड १८ ऑगस्ट १९१० रोजी उघडले आणि ते अमेरिकेतील सर्वांत जुने व्यावसायिक बेसबॉल मैदान मानले जाते. गोऱ्यांचा बर्मिंगहॅम बॅरन्स आणि कृष्णवर्णीयांचा ब्लॅक बॅरन्स असे दोन संघ एकाच गवतावर खेळत, पण एकमेकांशी नव्हे. १९४८ मध्ये विली मेज नावाचा शाळकरी मुलगा ब्लॅक बॅरन्सकडून येथे खेळला. २० जून २०२४ रोजी त्याच्या सन्मानार्थ मेजर लीगचा सामना येथे भरवण्यात आला, आणि त्याच्या दोनच दिवस आधी, वयाच्या ९३ व्या वर्षी, मेजचे निधन झाले.

बॅरन्स आता शहरातील नव्या मैदानावर खेळतात. १९९४ मध्ये मायकेल जॉर्डन याच संघाकडून वर्षभर खेळला होता, पण तेव्हा संघ हूव्हर या उपनगरात होता. त्याची फलंदाजीची सरासरी .२०२ होती, म्हणजे पाच संधींत जेमतेम एक हिट, आणि त्याने ३० बेस चोरले, म्हणजे फटका नसतानाच धावून पुढचा बेस गाठला. बास्केटबॉलच्या सम्राटाला डबल-ए पिचरचा वळणारा चेंडू दिसत नव्हता, हे ज्यांनी पाहिले त्यांना या पायरीची उंची वेगळी सांगावी लागत नाही.

सामना नसताना मी रिकवुडला गेलो होतो. स्टँडच्या सावलीत बसलो, तर गवत कापण्याच्या यंत्राशिवाय आवाज नव्हता. सह्यकडा यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही, पण तेथे मला तो पडला नाही.

सह्यकडा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. धागा सुरू केल्यानंतर आणखी तीन सामने पाहिले, त्यामुळे माझा प्रश्न थोडा बदलला आहे.

मंगळवार ते रविवार एकाच पाहुण्या संघाशी सलग सहा सामने असतात, हे मला आता कळले आहे. मी बुधवारी गेलो आणि पुन्हा रविवारी गेलो, तेव्हा पाहुण्यांचे चेहरेही ओळखीचे झाले होते. त्या रविवारी आमचा तो शॉर्टस्टॉप परत आला होता. वरच्या पायरीवर त्याला नऊ दिवस मिळाले आणि मूळ खेळाडू बरा होताच त्याला खाली पाठवण्यात आले. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मला आधी हे चमत्कारिक वाटले, कारण ती त्याची पदावनती होती. त्याने टोपीला हात लावला, पण वर पाहिले नाही. पहिल्याच चेंडूवर तो बाद झाला, आणि टाळ्या पुन्हा झाल्या.

सामन्यानंतर लहान मुलांना बेसवरून धावू देतात. माझा मुलगा तिसऱ्या बेसनंतर चुकून थेट डगआउटकडे धावत सुटला. तेथे कठड्याशी हाच शॉर्टस्टॉप बुटांतील माती काढत बसला होता. त्याने बुटानेच होम प्लेटकडे बोट दाखवले.

डावखुरा यांच्या सही-शिक्क्याच्या मुद्द्यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. पुढील आठवड्याची गुरुवारची तिकिटे मात्र घेतली आहेत. केरी आणि मॉरिसव्हिलच्या मंडळींपैकी कोणास यायचे असल्यास कळवावे. पाटीवाला, चौकशी केली. शेजाऱ्यांच्या म्हणण्यानुसार गवत बैलापेक्षा पुष्कळ अरुंद आहे, त्यामुळे सॅलड मिळवणे अधिक कठीण.

पाटीवाला

शाकाहाराची वाट अवघडच असते. गुरुवारी शंकरपाळ्या घेऊन जाऊ नका.